ब्रास बँडची वाद्यं: पल्ला कोणाचा किती आणि घराणं कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँड शिकायला लागलेली मुलं, त्यांचे पालक आणि हार्मोनियम किंवा बासरीवरून पितळी वाद्यांकडे वळलेले वादक यांच्या मनात ठरावीक शंका असतात. कॉर्नेट आणि ट्रंपेट एकच का? बॅरिटोन म्हणजे लहान युफोनियम का? 'ई फ्लॅटचं वाद्य' म्हणजे नक्की काय? बहुतेक गोंधळ होतो तो पल्ला आणि घराणं यांची सरमिसळ केल्यामुळे. वाद्य किती खाली-वर बोलेल हे मुख्यतः नळीच्या लांबीवर ठरतं. आवाजाची जात कोणती, हे त्या नळीची पोकळी आतून कशी रुंदावत जाते यावर ठरतं. खालची उत्तरं वाचताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा.

इथे 'ब्रास बँड' म्हणजे कोणता बँड?

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकशायरमधल्या गिरण्या आणि कोळसाखाणींच्या गावांत एकोणिसाव्या शतकात घडलेला बँड. क्वीन्सबरी गावात जॉन फॉस्टर यांच्या गिरणीच्या आधाराने 1855 मध्ये उभा राहिलेला ब्लॅक डाइक बँड आजही वाजतो आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत 1853 मध्ये बँडची मोठी स्पर्धा झाली आणि तिथून स्पर्धांची परंपरा रुजली. सगळ्यांना तीच रचना वाजवायची आणि न्याय्य तुलना व्हायची, तर वाद्यांचा संच सारखा हवा. हळूहळू तो संच ठरून गेला. म्हणूनच पितळी वाद्यांच्या पल्ल्यांची तुलना समजून घ्यायला हा बँड सगळ्यात सोयीचा आहे.

आपल्याकडच्या लग्नातल्या बँडलाही ब्रास बँडच म्हणतात, पण त्याची घडण वेगळी आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

यात कोणती वाद्यं असतात आणि किती?

25 वादक, शिवाय तालवाद्यं. एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ साधे कॉर्नेट (चार सोलो, एक रिपियानो म्हणजे जोड देणारा, दोन सेकंड, दोन थर्ड), एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन (त्यातला एक बास ट्रॉम्बोन), दोन ई फ्लॅट बेस आणि दोन बी फ्लॅट बेस. बेस म्हणजे ट्यूबाच. बँडमधली माणसं त्याला बेस म्हणतात.

सॅक्सोफोन पितळी असूनही यात का नाही?

कारण तो ओठांनी वाजत नाही. सॅक्सोफोनमध्ये क्लॅरिनेटसारखी वेताची पट्टी थरथरते आणि स्वर बदलण्यासाठी नळीवरची भोकं उघडतात-मिटतात. ब्रासच्या वाद्यांमध्ये वादकाचे ओठच माउथपीसशी, म्हणजे फुंकायच्या टोकाशी, थरथरतात. या कसोटीवर आपली तुतारी, शिंग आणि शंख कॉर्नेटच्या बाजूला बसतात, आणि सनई सॅक्सोफोनच्या बाजूला.

पिस्टन तीनच असतात, मग इतके स्वर निघतात कुठून?

हे नीट कळलं की पुढचं जवळजवळ सगळं सोपं होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

कॉर्नेट हातात घ्या आणि एकही पिस्टन न दाबता फक्त ओठांचा ताण वाढवत जा. सलग सप्तक येत नाही, मोजकेच स्वर येतात. मध्य सा, त्यावर प, मग तार सा, तार ग, तार प, पुढे जरा उतरलेला कोमल नि आणि मग अतितार सा. तंबोऱ्याच्या जोडीत कान लावला की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा तार ग. तार जशी स्वतःच्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांत थरथरते, तसाच नळीतला हवेचा स्तंभ थरथरतो. म्हणून पिस्टन नसलेल्या तुतारीवरही हेच मोजके स्वर मिळतात, आणि तिला राग वाजवता येत नाही त्याचं कारणही हेच.

स्वरांमधल्या मोकळ्या जागा भरायला पिस्टन हवेत. पिस्टन दाबला की हवेला जास्तीच्या नळीतून वळसा घालून जावं लागतं आणि स्वर खाली उतरतो. दुसरा पिस्टन अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक पूर्ण स्वर आणि तिसरा दीड स्वर. तिन्ही मिळून तीन पूर्ण स्वर. मध्य सा पासून खाली उतरत गेलात तर नि, कोमल नि, ध, कोमल ध, प असं करत मंद्र सप्तकातल्या तीव्र मध्यमावर तळ लागतो. त्याच्याही खाली मंद्र सा हा मूळ स्वर नळीत असतो, पण तो आणि तीव्र म यांच्यामधले पाच स्वर तीन पिस्टनांत सापडत नाहीत.

म्हणजे वादकाच्या दृष्टीने नेहमीचा पल्ला झाला मंद्र तीव्र म ते अतितार सा. अडीच सप्तकं.

प्रशियात स्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी 1818 मध्ये वाल्व्हचं, म्हणजे हवेला वळसा घालायला लावणाऱ्या याच यंत्रणेचं, पेटंट घेतलं. त्याआधी पितळी वाद्यांचा बँड म्हणजे मुख्यतः इशारे आणि कूच एवढंच होतं.

'बी फ्लॅटचं वाद्य', 'ई फ्लॅटचं वाद्य' म्हणजे काय?

हार्मोनियमची पट्टी माहीत असलेल्याला हे एका वाक्यात सांगता येतं. बी फ्लॅटच्या वाद्याचा सा काळी पाचवर, ई फ्लॅटच्या वाद्याचा सा काळी दोनवर. वादक कागदावर जो स्वर 'सी' म्हणून वाचतो तो त्याचा सा, आणि प्रत्यक्षात ऐकू येते ती त्याच्या वाद्याची पट्टी. गायक काळी एकमध्ये गायला म्हणून त्याचे सा-रे-ग-म बदलत नाहीत, तसंच हे.

ब्रास बँडमध्ये पट्ट्या या दोनच. सोप्रानो कॉर्नेट, टेनर हॉर्न आणि ई फ्लॅट बेस काळी दोनचे. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बी फ्लॅट बेस काळी पाचचे.

आता नळीच्या लांबीकडे बघा. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांच्यातलं नातं पक्कं आहे. काळी दोनच्या रांगेत सोप्रानो सव्वातीन फूट, टेनर हॉर्न साडेसहा फूट, ई फ्लॅट बेस तेरा फूट. काळी पाचच्या रांगेत कॉर्नेट साडेचार फूट, युफोनियम नऊ फूट, बी फ्लॅट बेस अठरा फूट. दर पायरीला लांबी दुप्पट, आणि दुप्पट लांबी म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. सगळा बँड या दोन रांगांवर उभा आहे. मला ही रचना फार सुंदर वाटते. सगळीच्या सगळी कोणी एकाने बसून आखली नाही, तरी इतकी नेटकी आहे.

मग प्रत्येकाचा खरा, कानाला ऐकू येणारा पल्ला किती?

पियानोच्या मधल्या सप्तकाला मध्य धरू, म्हणजे मधली पांढरी एक हा मध्य सप्तकाचा आरंभ. त्याच्या खाली मंद्र, मग अतिमंद्र. वर तार, मग अतितार. वादकाचा 'मंद्र तीव्र म ते अतितार सा' हाच पल्ला वेगवेगळ्या वाद्यांवर असा ऐकू येतो:

- सोप्रानो कॉर्नेट: मंद्रातली पांढरी सहा ते अतितारातली काळी दोन.
- कॉर्नेट: मंद्रातली पांढरी तीन ते तारातली काळी पाच.
- फ्लूगलहॉर्न: कागदावर कॉर्नेटइतकाच. वरचे दोन-तीन स्वर त्याला शोभत नाहीत. रचनाकारही तिथे त्याला क्वचितच नेतात.
- टेनर हॉर्न: अतिमंद्रातली पांढरी सहा ते तारातली काळी दोन.
- बॅरिटोन: अतिमंद्रातली पांढरी तीन ते मध्यातली काळी पाच.
- युफोनियम: बॅरिटोनचा सगळा पल्ला, आणि चौथ्या पिस्टनमुळे त्याच्याही खाली मूळ स्वरापर्यंत सलग उतरता येतं. चांगला वादक वरही बराच पुढे जातो.
- टेनर ट्रॉम्बोन: बॅरिटोनसारखाच, शिवाय अगदी तळाचे काही सुटे मूळ स्वर.
- ई फ्लॅट बेस: तीन पिस्टनांवर टेनर हॉर्नच्या बरोबर एक सप्तक खाली, चौथ्या पिस्टनने आणखी खोल.
- बी फ्लॅट बेस: बॅरिटोनच्या एक सप्तक खाली. तीन पिस्टनांवरचा त्याचा सगळ्यात खालचा स्वर पियानोच्या डाव्या टोकापासून अवघ्या सात पट्ट्या आत असतो.

बॅरिटोन आणि युफोनियमचा नेहमीचा पल्ला पुरुषांच्या आवाजाच्या पल्ल्याशी जवळजवळ जुळतो. खर्जाच्या गायकाच्या तळापासून उंच आवाजाच्या गायकाच्या टोकापर्यंत सगळा त्यात येतो. युफोनियमचं सोलो ऐकताना कोणीतरी गातंय असं वाटतं, त्याचं निम्मं कारण इथे आहे. उरलेलं निम्मं घराण्यात आहे.

हे आकडे म्हणजे मर्यादा का?

खालची मर्यादा बरीचशी वाद्याची, वरची वादकाची. तीन पिस्टनांच्या कॉर्नेटवर तीव्र मध्यमाखाली सलग उतरायची सोय नाही, मग वादक कितीही तयारीचा असो. वरच्या टोकाला मात्र भिंत अशी नसते. ओठांची ताकद, श्वासाचा आधार आणि रोजचा रियाज यांवर एखादा अतितार सा च्या पुढे सहज जातो, आणि नवख्याला तार ग सुद्धा जड जातो.

वाद्यांची तुलना करताना टोकाच्या स्वरांना फार महत्त्व देऊ नये असं मला वाटतं. विचारायचं ते हे: वाद्य कोणत्या पट्ट्यात सगळ्यात गोड बोलतं? कॉर्नेटसाठी तो मध्य सा ते तार प. टेनर हॉर्नसाठीही कागदावर तोच, फक्त ऐकू येताना खाली. या पट्ट्यातच रचनेचा बहुतेक भाग घडतो.

सगळ्यांची नोटेशन्स ट्रेबल क्लेफमध्येच का? बेस सुद्धा?

हो, अगदी अठरा फुटांचा बी फ्लॅट बेस सुद्धा ट्रेबल क्लेफ, म्हणजे उंच स्वरांसाठीची लेखनपद्धत, वाचतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर यांत दोन सप्तकांहून जास्त अंतर पडतं. पण फायदा मोठा आहे. सगळीकडे तोच स्वर, तीच बोटं. गिरणीत काम करणाऱ्या आणि संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसाला कॉर्नेटवरून टेनर हॉर्नवर, तिथून बेसवर जायचं तर नवी लिपी शिकावी लागत नाही. माउथपीसची सवय आणि हवेचा अंदाज तेवढा नव्याने करायचा. आजही लहानपणी कॉर्नेट धरलेली मुलं मोठेपणी युफोनियमवर किंवा बेसवर स्थिरावताना दिसतात.

अपवाद एकच, बास ट्रॉम्बोन. त्याचं नोटेशन बेस क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या लेखनपद्धतीत, आणि ऐकू येईल त्याच स्वरात. पूर्वी ब्रिटनमध्ये बास ट्रॉम्बोन 'जी' पट्टीचा, म्हणजे पांढरी पाचचा असे. नळी इतकी लांब की शेवटच्या जागेपर्यंत हात पोचत नसे, म्हणून सरक्याला, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीला, एक दांडा लावलेला असे. तो ना काळी दोनच्या रांगेत बसत होता ना काळी पाचच्या, म्हणून त्याचं लेखन वेगळं राहिलं. ते वाद्य गेलं, लेखनाची रीत टिकली.

बॅरिटोन आणि युफोनियमची लांबी एक, पट्टी एक, बोटं एक. मग ती दोन वेगळी वाद्यं कशी?

घराण्यामुळे. दोन्ही नऊ फुटांची. पण बॅरिटोनची पोकळी अरुंद असते आणि बराच भाग जवळजवळ सारख्या जाडीची राहून मग उघडते. युफोनियमची पोकळी रुंद असते आणि लवकर, सतत रुंदावत जाते. आवाज बाहेर पडतो ते त्याचं तोंडही बॅरिटोनपेक्षा बरंच मोठं.

आतली हवा दोन्हीकडे त्याच सुरांवर थरथरते, पण त्या सुरात वरचे स्वर किती मिसळतात ते बदलतं. अरुंद नळीत वरच्या स्वरांचं प्रमाण जास्त, म्हणून आवाज उजळ, किंचित कोरडा आणि रेखीव. रुंद, उतरत्या (म्हणजे सतत रुंदावत जाणाऱ्या) नळीत तळाचा स्वर भरदार, म्हणून आवाज गोल आणि दाट.

हे ऐकून पटवायचं असेल तर दोन वादकांना शेजारी बसवा आणि दोघांना मध्य सा ते प एवढंच, लांब श्वासात वाजवायला सांगा. वेगात वाजवलेल्या तुकड्यात फरक लपतो, लांब स्वरात लपत नाही. मध्य प वर तो सगळ्यात स्पष्ट होतो: युफोनियम खोली भरून टाकतं, बॅरिटोन समोरच्या दिशेने सरळ जातो.

बँडमध्ये कामंही त्यानुसार वाटलेली असतात. युफोनियमकडे धून आणि सोलो, बॅरिटोनकडे मधली गुंफण, कधी टेनर हॉर्नला आधार, कधी ट्रॉम्बोनला. बॅरिटोनला दुय्यम समजणं चूक आहे. तो काढून घ्या आणि बँडचा मधला भाग पोकळ होतो की नाही बघा.

घराणी एकूण किती मानायची?

मी तीन मानतो. पहिलं सरळ पोकळीचं: ट्रॉम्बोन, आणि बँडबाहेर ट्रंपेट. दुसरं रुंद, उतरत्या पोकळीचं: फ्लूगलहॉर्न, युफोनियम आणि दोन्ही बेस. तिसरं मधलं: कॉर्नेट, टेनर हॉर्न, बॅरिटोन. सीमारेषा काटेकोर नाहीत. कारखान्यांनी गेल्या दीडशे वर्षांत पोकळ्या रुंदावत नेल्या आहेत, त्यामुळे जुना बॅरिटोन आणि आजचा बॅरिटोन यांतही अंतर पडतं.

सॅक्सहॉर्न म्हणजे काय? सॅक्सोफोनशी त्याचा काय संबंध?

निर्माता एकच, अडॉल्फ सॅक्स. मूळचा बेल्जियमचा, कारखाना पॅरिसमध्ये. सॅक्सोफोनच्या आसपासच्याच काळात, 1840 च्या दशकात, त्याने पिस्टनच्या पितळी वाद्यांची एक पूर्ण मालिका बनवली: लहानापासून मोठ्यापर्यंत एकच बांधणी, एकच बोटं आणि आळीपाळीने दोन पट्ट्या. वर सांगितलेल्या दोन रांगा बऱ्याचशा इथूनच आलेल्या आहेत. डिस्टिन नावाचं इंग्रज वादक कुटुंब 1844 मध्ये पॅरिसमध्ये सॅक्सला भेटलं, ही वाद्यं घेऊन ब्रिटनभर वाजवत हिंडलं, आणि गावोगावच्या बँडनी ती उचलली. टेनर हॉर्न आणि बॅरिटोन हे त्या मालिकेचे थेट वारस.

ट्यूबाचा उगम वेगळा. वीप्रेख्ट आणि मोरित्स यांनी 1835 मध्ये बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं.

कॉर्नेट आणि ट्रंपेट: पल्ला एकच ना?

एकच. दोन्ही काळी पाचचे, साडेचार फुटांचे, बोटंही तीच. ट्रंपेटची नळी बराच भाग सारख्या जाडीची असते, कॉर्नेटची जास्त उतरती आणि जास्त वळसे घेतलेली, म्हणून वाद्य हातात आखूड दिसतं. कॉर्नेटचा माउथपीस आतून खोल असतो. परिणाम असा की ट्रंपेट धार देतं, कॉर्नेट मऊपणे मिसळतो. दहा जण एकत्र वाजवणार असतील तर मिसळणं महत्त्वाचं, म्हणून ब्रास बँडमध्ये कॉर्नेट. कॉर्नेटला ट्रंपेटचा उथळ माउथपीस लावून वाजवलं तर त्याचा हा गुण बराचसा जातो. तसं करू नये.

ट्रॉम्बोनवर मींड घेता येते, हे खरं का?

खरं आहे, आणि ब्रास बँडमध्ये ही सोय ट्रॉम्बोनइतकी दुसऱ्या कोणाकडे नाही. पण तिला मर्यादा आहे. सरक्याच्या सात जागा, म्हणजे पहिल्या जागेपासून सातवीपर्यंत सहा अर्धस्वर. तेवढ्यातच अखंड मींड मिळते. प वरून खाली कोमल रे पर्यंत एका ओढीत येता येतं, प वरून मध्य सा पर्यंत नाही. मध्ये ओठांना दुसऱ्या नैसर्गिक स्वरावर उडी मारावी लागते आणि ओढ तुटते. भावगीतातली एखादी लांब मींड ट्रॉम्बोनला देण्याआधी ती तीन पूर्ण स्वरांच्या आत बसते का, हे तपासा.

चौथा पिस्टन कशासाठी? तीनवर भागत नाही का?

दोन कारणं. एक वर आलंच: तीव्र म आणि मूळ सा यांच्यामधले स्वर. दुसरं कारण सुरेलपणाचं, आणि ते आकड्यांतच नीट दिसतं.

समजा नळी 100 सेंमीची आहे. पूर्ण स्वर उतरवायला साधारण 12.2 सेंमी जास्त नळी लागते, दीड स्वर उतरवायला 18.9. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की अडीच स्वर उतरायला हवेत. त्याला लागतात 33.5 सेंमी. मिळतात 31.1. नळी कमी पडली, स्वर चढा लागला. तिन्ही दाबले तर तूट 4 सेंमीच्या वर जाते आणि स्वर जवळजवळ दोन पट्ट्यांच्या मधोमध लागतो. कारण तिसऱ्या पिस्टनने नळी आधीच लांब केली, आता त्या लांब नळीला पूर्ण स्वर उतरवायला पहिल्याची 12.2 सेंमी पुरत नाही. चौथा पिस्टन एकटाच अडीच स्वर उतरवतो, म्हणून पहिला आणि तिसरा एकत्र दाबावे लागत नाहीत.

कॉर्नेटवर तिसऱ्या पिस्टनच्या सरक्याला बोट अडकवायची कडी असते. प आणि तीव्र म वाजवताना ती पुढे ढकलून तूट भरायची. नवशिके ती कडी धरतात पण हलवत नाहीत, आणि मग खालचा प नेहमी चढा येतो. मोठ्या वाद्यांसाठी डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 मध्ये वाद्यं बनवणाऱ्या बूझी कंपनीसाठी भरपाईची युक्ती शोधली. पिस्टन एकत्र दाबले की हवा आपोआप आणखी एका लहान वळशातून फिरते आणि तूट भरून निघते. चौथा पिस्टन आणि ही भरपाई, दोन्ही असलेलं युफोनियम तळापर्यंत सुरेल उतरतं. महाग असतं, जडही असतं. सोलो वाजवणाऱ्याने शक्य असेल तर तेच घ्यावं.

फ्रेंच हॉर्न आणि सुसाफोन का नाहीत?

फ्रेंच हॉर्नची नळी सुमारे बारा फूट, पण तो वाजतो तिच्या वरच्या स्वरांमध्ये. तिथे नैसर्गिक स्वर एकमेकांना चिकटून येतात, ओठ जरा चुकले की शेजारचा स्वर लागतो. टेनर हॉर्न जवळपास त्याच उंचीवर कितीतरी भरवशाने बोलतो.

सुसाफोन हे वेगळं घराणं नाही. तो अंगाभोवती गुंडाळलेला बेस आहे, बहुतेक काळी पाचचाच. बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून 1890 च्या दशकात अमेरिकेत तो घडला. चालताना वजन खांद्यावर येतं, म्हणून मिरवणुकीला सोयीचा. इंग्लंडचे बँड मुख्यतः बसून स्पर्धा करणारे, त्यांना त्याची गरज पडली नाही.

आपल्या लग्नाच्या आणि गणपतीच्या बँडमध्ये यातलं काय असतं?

ट्रंपेट, युफोनियम, काही ठिकाणी ट्रॉम्बोन, आणि सुसाफोन. त्यांच्या जोडीला क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ढोल-ताशा किंवा साइड ड्रम. ही घडण गिरणीच्या बँडपेक्षा लष्करी बँडच्या जवळची आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारखे बँड ऐका. धून क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाटून घेतात, आणि युफोनियम खाली त्याच धुनेला एक सप्तक मंद्रात धरून ठेवतं. ब्रास बँडमध्ये अशा जागी चार-पाच वेगळे आवाज वेगवेगळ्या स्वरांवर असतात. आपल्याकडे एकच धून सप्तकांच्या अंतराने दाट केली जाते. आपल्या संगीताचा पिंड एकाच धुनेचा आहे, त्याला ही पद्धत चपखल बसते.

गोव्याची गोष्ट निराळी. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यं नोटेशनवरून वाजवणारे वादक पिढ्यान्पिढ्या तयार झाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला त्यांनीच वाद्यवृंद दिले. ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट', यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर केलेलं काम ऐकलं की ट्रंपेटची धार आणि आपली चाल किती सुंदर एकत्र येऊ शकतात ते कळतं.

मुलाने सुरुवात कोणत्या वाद्यावर करावी?

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी कॉर्नेट किंवा टेनर हॉर्न. कॉर्नेटचं वजन हाताजवळ राहतं, त्यामुळे मनगट लवकर दमत नाही. टेनर हॉर्नचा माउथपीस थोडा मोठा, काही मुलांच्या ओठांना तोच आधी साधतो. दोन्ही हातात देऊन बघा आणि ज्यावर लांब स्वर शांतपणे टिकतो ते ठेवा. सोप्रानोवर कोणालाही सुरुवात करायला लावू नका. 25 जणांच्या बँडमधली ती सगळ्यात अवघड खुर्ची आहे.

जुनं विलायती वाद्य मिळतंय. घ्यावं का?

आधी पट्टी तपासा. ब्रिटिश ब्रास बँड 1960 च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजत, जिथे आजचा सेकंदाला 440 कंपनांचा 'ए' स्वर सुमारे 452 ला असे. म्हणजे आजच्या हार्मोनियमपेक्षा जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढा. असं वाद्य आजच्या वाद्यांबरोबर जुळवायचं तर कॉर्नेटची नळी सुमारे 4 सेंमी, युफोनियमची 8 सेंमी वाढवावी लागते. मुख्य सरका बाहेर ओढून सा जुळतो, पण मग पिस्टनांचे वळसेही त्याच प्रमाणात वाढवावे लागतात, नाहीतर खालचे स्वर बेसूर होतात. दुकानात ट्यूनर घेऊन जा आणि एकटा सा बघून थांबू नका. खालचा प आणि तीव्र म सुद्धा लावून बघा.

मग पिस्टन. एक पिस्टन दाबून त्याचा सरका थोडा बाहेर ओढा, पिस्टन सोडा, आणि आता सरका पूर्ण काढा. 'फट्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट बसतो आहे. हवा गुपचूप गळून गेली तर पिस्टन झिजला आहे.

नवं, परवडणारं वाद्य हवं असेल तर मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनवण्याचा जुना धंदा आहे, देशभरचे बँड तिथून माल नेतात. दर नगामागे फरक पडतो, म्हणून वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

एखादी आरती किंवा भावगीत या संचासाठी बसवायचं आहे. पट्टी कोणती धरू?

काळी पाच किंवा काळी दोन धरली तर सगळ्यांना सोपं जातं. सा काळी पाचवर ठेवला तर कॉर्नेट, बॅरिटोन, युफोनियम यांचा सा तोच राहतो, आणि टेनर हॉर्न व ई फ्लॅट बेस स्वतःच्या प पासून वाजवतात. सा काळी दोनवर ठेवला तर उलट: टेनर हॉर्नचा सा तोच, कॉर्नेट स्वतःच्या म पासून.

गायकाच्या सोयीसाठी काळी एकच हवी असेल तर अशक्य नाही. मग कॉर्नेटवाल्यांचा सा त्यांच्या कोमल ग वर पडतो, टेनर हॉर्नवाल्यांचा कोमल नि वर. तयारीचा बँड ते सहज करेल, नवख्यांना दोन तालमी जास्त लागतील.

धून द्यायची तर पहिली फेरी एकट्या फ्लूगलहॉर्नला द्या, मध्य सा च्या आसपास. दुसऱ्या फेरीत तीच युफोनियमला, एक सप्तक खाली, आणि वरून कॉर्नेट अगदी हलके. सोप्रानोला शेवटच्या फेरीपर्यंत गप्प ठेवा. तो आला की सगळ्या बँडचा आवाज वर उचलला जातो, आणि ते सुरुवातीलाच खर्च केलं तर शेवटासाठी हातात काही उरत नाही.